विनोदी नट जॉनी वॉकर

राजा दुष्यंत शकुंतलेच्या ध्यासाने व्याकुळ झालेला असतो, तेव्हा त्याच्या शेजारी माढव्य नावाचा विदूषक बसलेला असतो. राजाला प्रेमाची चिंता, तर माढव्याला शिकारीच्या पायी रानोमाळ हिंडून दुखावलेल्या सांध्यांची आणि वेळेवर न मिळालेल्या जेवणाची चिंता! आपल्या तमाशातील सोंगाड्याही याच कुळातला. नायक मोठमोठ्या गोष्टी बोलत असतो आणि हा मध्येच एखादे साधे, पोटापाण्याचे वाक्य टाकून सर्वांना जमिनीवर आणतो. १९३१ साली हिंदी चित्रपट बोलू लागला, तेव्हा त्यानेही या जुन्या सोबत्याला आपल्या घरात जागा दिली. नायकाचा मित्र, त्याचा नोकर, रस्त्यावरचा फेरीवाला किंवा भुरटा चोर अशा नाना वेषांत हा सोबती पडद्यावर वावरू लागला. कथा त्याच्यावाचून पुढे गेली असती. परंतु प्रेक्षक मात्र त्याची वाट पाहत बसत. या सोबत्याच्या भूमिका ज्यांनी सुमारे तीन दशके गाजविल्या, ते नट म्हणजे जॉनी वॉकर.

हे त्यांचे खरे नाव नव्हे. त्यांचे खरे नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील कापडाच्या गिरणीत नोकरीस होते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळवणारा हात एक. अशा घरावर एके दिवशी संकट कोसळले. ती गिरणी बंद पडली. हातची नोकरी गेली, तेव्हा कामाच्या शोधात जसे हजारो लोक मुंबईची वाट धरीत, तशी या कुटुंबानेही धरली.

बद्रुद्दीनची शाळा सहाव्या इयत्तेतच सुटली. ज्या वयात मुले पाटीदप्तर घेऊन शाळेत जातात, त्या वयात हा मुलगा बर्फ, फळे, भाजी, कागद-पेन्सिली असे जे मिळेल ते घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर विकीत हिंडत असे. दिवसाकाठी किती मैलांची पायपीट होई, याचा हिशेब त्याने कधी ठेवला नाही. शिक्षण अपुरे राहिले ही खंत मात्र त्याच्या मनात जन्मभर राहिली. पुढे सुस्थिती आल्यावर त्याने आपल्या मुलग्यांना शिकण्यासाठी थेट अमेरिकेस पाठविले, त्याच्या मुळाशी ही खंतच होती.

अशा कष्टाच्या दिवसांतही या मुलाला एक वेड होते. त्या काळी नूर मोहम्मद चार्ली नावाचे विनोदी नट लोकप्रिय होते. त्यांचे चित्रपट पाहावेत आणि त्यांच्या लकबी जशाच्या तशा करून दाखवाव्यात, हा बद्रुद्दीनचा आवडता उद्योग. आपणही एक दिवस पडद्यावर दिसू, असे त्याला वाटे. पण चित्रपटसृष्टीत त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि घरच्या माणसांची पोटे रोज भरायची होती.

मोठेपणी त्याला बेस्टच्या बसवर कंडक्टरची नोकरी मिळाली. बेस्ट म्हणजे मुंबई शहराला वीज आणि वाहने पुरविणारी संस्था. मुंबईच्या रस्त्यांवर तिची बस १९२६ साली धावू लागली होती आणि ट्रामगाड्याही अजून खडखडत होत्या. त्या बंद झाल्या १९६४ साली. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटे आणि ती टोचण्याचा चिमटा, अशा थाटात हा सडपातळ तरुण गर्दीतून वाट काढू लागला. दिवसभर उभे राहायचे, सुट्ट्या पैशांवरून होणारे वाद मिटवायचे, असे हे कंटाळवाणे काम. बद्रुद्दीनने त्याचा खेळ करून टाकला. थांब्यांची नावे तो गमतीदार सुरात पुकारी, नकला करी, उतारूंना हसवी. घाईत आणि चिंतेत असलेली माणसे हसत हसत खाली उतरत.

नटाच्या दृष्टीने बसगाडी ही खरोखर एक उत्तम शाळा आहे. गिरणीत पाळीवर निघालेला कामगार, टोपी सावरणारा कारकून, टोपलीसह चढणारी कोळीण, पारशी गृहस्थ, गुजराती व्यापारी, उत्तरेकडून नुकताच आलेला भांबावलेला माणूस, हे सारे एकाच बाकावर येऊन बसतात. प्रत्येकाची बोली निराळी, पैसे मोजण्याची तऱ्हा निराळी, रागावण्याची रीतही निराळी. सहावीत शाळा सुटलेल्या या तरुणाचा अभ्यास येथे नकळत होत होता. पुढे त्यांनी पडद्यावर जी माणसे उभी केली, ती बहुतेक याच उतारूंच्या जातकुळीची आहेत.

नोकरी सांभाळून तो चित्रपटांत गर्दीतला माणूस म्हणूनही उभा राहत असे. अशा माणसाला संवाद नसतात. जत्रा असली की जत्रेत चालायचे, सभा असली की सभेत बसायचे, एवढेच त्याचे काम. तेथेही मधल्या वेळात त्याच्या नकला चालूच असत. त्या एकदा बलराज साहनी यांच्या नजरेस पडल्या. बलराज साहनी हे नामवंत नट तर होतेच, पण त्या वेळी ते ‘बाझी’ नावाच्या चित्रपटाची पटकथाही लिहीत होते. चेतन आनंद व देव आनंद या बंधूंच्या ‘नवकेतन’ संस्थेतर्फे तो चित्रपट निघत होता आणि त्याचे दिग्दर्शन गुरुदत्त करणार होते. गुरुदत्त आणि देव आनंद यांची मैत्री पुण्यास ‘प्रभात’ कंपनीत जडली होती. आपण निर्माता झालो तर दिग्दर्शन तुझ्याकडे देऊ, असे तेव्हा दिलेले वचन देव आनंद आता पाळीत होते. गुरुदत्तांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट.

बलराज साहनींनी या तरुणास एक युक्ती सुचविली. त्याप्रमाणे तो नवकेतनच्या कचेरीत शिरला, तो दारूने झिंगलेल्या माणसाचे सोंग घेऊन! पावले अडखळत आहेत, जीभ जड झाली आहे, जो दिसेल त्याच्याशी काहीतरी बरळणे चालले आहे. कचेरीतील मंडळी गोंधळून गेली. कोणी दारुडा रस्त्यावरून आत आला, असे गुरुदत्तांनाही वाटले आणि त्याला बाहेर घालविण्याची वेळ आली. तेव्हा बलराज साहनींना हसू आवरेना. त्यांनी खरा प्रकार सांगितला. क्षणापूर्वी झोकांड्या खाणारा तो इसम आता शुद्धीवरच्या माणसासारखा ताठ उभा होता! गुरुदत्तांनी ‘बाझी’त त्याच्यासाठी एक छोटीशी भूमिका मुद्दाम तयार केली. १९५१ साली तो चित्रपट प्रदर्शित झाला आणि बसच्या कंडक्टरला नवा मार्ग सापडला.

त्या दारुड्याच्या सोंगाची आठवण म्हणून गुरुदत्तांनी त्यांना एका विलायती मद्याचे नाव दिले: जॉनी वॉकर. यातली गंमत अशी की, ज्यांना हे नाव मिळाले त्यांनी दारूला कधी स्पर्शही केला नाही. पडद्यावर शेकडो वेळा झिंगलेला हा माणूस घरी पूर्ण निर्व्यसनी होता.

मग हे सोंग इतके हुबेहूब कसे वठे? सामान्य नटाला झिंगलेल्या माणसाची भूमिका मिळाली की तो पडू पाहतो, लडबडतो, ओरडतो. परंतु खरा झिंगलेला माणूस पडण्याची धडपड करीत नाही; तो न पडण्याची धडपड करीत असतो. आपण अगदी शुद्धीवर आहोत हे जगाला पटवून देण्यासाठी तो जपून पाऊल टाकतो, एकेक शब्द तोलून उच्चारतो, आणि नेमका तेथेच फसतो. जॉनी वॉकर यांनी हे मर्म ओळखले होते. त्यांचा दारुडा नेहमी मोठ्या अदबीने व गांभीर्याने वागतो, म्हणूनच तो पाहताना हसू येते. त्यात दारूचा गौरव नाही आणि त्या दुबळ्या माणसाची टवाळीही नाही. ज्याने जवळून आणि ममतेने पाहिले आहे, त्यालाच असे सोंग साधते.

‘बाझी’नंतर गुरुदत्तांच्या बहुतेक चित्रपटांत जॉनी वॉकर दिसू लागले. ‘आरपार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५), ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९), ‘चौदहवी का चाँद’ (१९६०) ही त्यांतील ठळक नावे. ‘आरपार’च्या वेळीच अभिनेत्री शकीला यांची बहीण नूर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि पुढे त्यांचा विवाह झाला.

गुरुदत्तांची त्यांच्याकडून काम करून घेण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. अबरार अल्वी यांनी लिहिलेले संवाद ते जॉनी वॉकर यांच्या हाती देत आणि यापेक्षा चांगले काही सुचत असेल तर खुशाल घालावे, असे सांगत. मग तालीम सुरू झाली की गुरुदत्त दिवे धरणाऱ्या कामगारांकडे, छायाचित्रकाराकडे, मदतनिसांकडे पाहत. ही माणसे हसली, तर विनोद साधला. पांडित्याच्या कसोटीपेक्षा ही कसोटी कठीण आहे. दिवसभर उष्ण दिव्यांखाली राबणारा मजूर उगाच हसत नसतो!

१९५६ सालच्या ‘सी. आय. डी.’ या चित्रपटाची निर्मिती गुरुदत्तांची आणि दिग्दर्शन राज खोसला यांचे. त्यात जॉनी वॉकर खिसेकापू झाले आहेत. महंमद रफी व गीता दत्त यांनी गायिलेले मुंबईविषयीचे प्रसिद्ध गाणे याच चित्रपटातले. या शहरात पोट भरण्याची धडपड किती अवघड आहे, हे त्यात हसत हसत सांगितले आहे. पडद्यावर ते गाणे म्हणणारा माणूस याच शहराच्या रस्त्यांवर बर्फ विकून आणि तिकिटे फाडून मोठा झाला होता, हे जाणून ते पाहिले म्हणजे त्यातील हसण्याला वेगळीच धार येते.

गाण्यांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. त्या काळी जॉनी वॉकर चित्रपटात असले की त्यांच्या तोंडी एक तरी गाणे असावे, असा चित्रपट विकत घेणाऱ्यांचा आग्रह असे. ही गाणी बहुधा रफी गात. ‘नया दौर’ (१९५७) या एकाच चित्रपटात रफींनी दिलीपकुमार यांच्यासाठी आवाज दिला आहे आणि मुंबईहून खेड्यात आलेल्या जॉनी वॉकर यांच्यासाठीही. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकावीत. दुसऱ्या गाण्यात जॉनी वॉकर यांचा तो बारीक, किंचित अनुनासिक आवाज आणि मान वेळावण्याची ढबसुद्धा ऐकू येते. गायकाने नटाला एवढे ओळखून घ्यावे, यात दोघांचाही मोठेपणा आहे.

त्यांच्या साऱ्या भूमिकांत ‘प्यासा’तील भूमिकेची कथा सर्वांत उद्बोधक आहे. ‘प्यासा’ ही विजय नावाच्या कवीची कहाणी. त्याच्या कवितांना कोणी विचारीत नाही, भाऊ त्याला घराबाहेर काढतात. पुढे तो मेला असा समज पसरतो, त्याच्या कविता छापल्या जातात आणि एकाएकी गाजू लागतात. आता तो जिवंत असणे पुष्कळांच्या फायद्याआड येते. सख्खे भाऊ पैशाच्या लोभाने त्याला ओळख देत नाहीत आणि श्याम नावाचा मित्रही त्यांच्यासारखाच उलटतो. या विश्वासघातकी श्यामची भूमिका आरंभी जॉनी वॉकर यांच्याकडे होती. चित्रीकरणासही सुरुवात झाली होती. परंतु गुरुदत्तांचे मन स्वस्थ बसेना. जॉनी वॉकर मित्राला दगा देतात हे प्रेक्षकांना रुचणार नाही, पटणारही नाही, असे त्यांना वाटले. अखेर ती भूमिका श्याम कपूर या साहाय्यकाकडे गेली आणि जॉनी वॉकर यांच्यासाठी नवे पात्र निर्माण झाले. ते पात्र म्हणजे अब्दुल सत्तार, कलकत्त्याच्या रस्त्यांवर हिंडणारा तेलमालिशवाला.

केवढा हा पालट! नट तोच, पण दगा देणाऱ्या मित्राच्या ऐवजी शेवटपर्यंत साथ देणारा मित्र त्यांच्या वाट्यास आला. डोक्यावर टोपी, हातात तेलाच्या बाटल्या आणि तोंडाने गिऱ्हाइकाला साद घालणे, असा हा सत्तार बागेत लोकांच्या डोक्याची चंपी करीत असतो. त्याचे ते गाणे सचिनदेव बर्मन यांच्या चालीमुळे आणि रफींच्या आवाजामुळे घरोघर पोहोचले. चित्रपटातील इतर गाणी दुःखाने भिजलेली आहेत, आणि मध्येच हे गाणे दमलेल्या माणसाच्या कपाळावर हात फिरवावा तसे येते. पण सत्तार नुसता हसविण्यापुरता नाही. विजयला वेडा ठरवून कोंडले जाते, तेव्हा शिकले-सवरलेले सारे गप्प बसतात आणि त्याच्या सुटकेस हा अशिक्षित मालिशवालाच धावून येतो. बोटांनी तेल चोळून पोट भरणारा माणूस मनाने साऱ्यांपेक्षा श्रीमंत निघतो. दगाबाज मित्र प्रेक्षक विसरले. सत्तारला ते विसरले नाहीत.

दुसऱ्या दिग्दर्शकांनीही त्यांना आवर्जून बोलाविले. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ (१९५८) मधील चरणदास या नोकराच्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक नटाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘छूमंतर’ (१९५६) सारख्या काही चित्रपटांत ते नायक झाले. इतकेच काय, १९५७ साली चक्क ‘जॉनी वॉकर’ याच नावाचा चित्रपट निघाला आणि नायक तेच होते. नटाच्या नावाने चित्रपट निघावा, हा मान थोड्यांनाच लाभतो. तथापि नायकपदाचा मोह त्यांनी फार काळ धरला नाही. आपली जागा नायकाच्या शेजारी आहे हे त्यांनी जाणले होते, आणि त्या जागेला त्यांनी कमी लेखले नाही.

१९६४ साली गुरुदत्त अकाली निधन पावले. ज्यांनी नाव दिले आणि जे आपल्या विनोदाची नस ओळखत, असा दिग्दर्शक गेला. काळही पालटत होता. रंगीत चित्रपट आले, नवे विनोदी नट आले. १९६८ सालच्या ‘शिकार’मधील कामासाठी जॉनी वॉकर यांना पुन्हा फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, परंतु हळूहळू पडद्यावरील विनोदात द्व्यर्थी बोलणे आणि आचरट अंगविक्षेप यांचा शिरकाव होऊ लागला होता. तसली कामे जॉनी वॉकर यांच्याकडेही येत. त्यांनी ती नाकारली. चित्रपटगृहात माणूस बायकामुलांसह आणि वृद्ध आईवडिलांसह येतो, याचे भान आम्हांला असे, हे ते मुलाखतींतून सांगत. सुमारे तीनशे चित्रपटांत काम करूनही आपले एकही वाक्य परीक्षण मंडळाने कापले नाही, याचा त्यांना पारितोषिकांहून अधिक अभिमान होता. या हट्टापायी कामे कमी झाली, हेही खरे आहे. ती किंमत त्यांनी तक्रार न करता मोजली.

या उतरत्या काळातच त्यांच्याकडे ‘आनंद’ (१९७१) हा हृषीकेश मुखर्जी यांचा चित्रपट आला. असाध्य रोगाने आजारी असलेला आनंद मुंबईस येतो. जितके दिवस उरले आहेत तितके दिवस माणसे जोडीत राहायचे, हा त्याचा बाणा. रस्त्यात कोणाही अनोळखी माणसाच्या पाठीवर तो थाप मारतो आणि जुना दोस्त भेटल्यासारखे त्याला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो. लोक चक्रावतात, चिडतात. एकच माणूस तितक्याच सहजतेने त्याला ‘जयचंद’ म्हणून उलट साद देतो. तो म्हणजे नाटक कंपनी चालविणारा इसाभाई सुरतवाला, अर्थात जॉनी वॉकर! दोन अनोळखी माणसे एका क्षणात मित्र होतात. पुढे आनंदचा आजार इसाभाईला कळतो. ज्याला पाहताच हसायचे अशी प्रेक्षकांना वीस वर्षांची सवय, तो माणूस डोळे पुसू लागतो, आणि चित्रपटगृहात कोणी हसत नाही.

पुढे पडद्यावरील त्यांचे येणे हळूहळू कमी होत गेले. पुष्कळ वर्षांनी, १९९७ साली, कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’ या चित्रपटासाठी त्यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला. त्यात त्यांनी जोसेफ नावाच्या वृद्ध रंगभूषाकाराचे काम केले आहे. नायकाला स्त्रीचा हुबेहूब वेष चढविणारा हा कसबी कारागीर. खोड एकच, त्याला बाटली प्रिय! वय सत्तरीच्या घरात आलेले, चेहरा सुरकुतलेला. परंतु जड झालेली जीभ आणि जपून टाकलेले पाऊल तेच होते, जे कधी काळी नवकेतनच्या कचेरीत सर्वांना फसवून गेले होते. तरुण प्रेक्षकांना तो म्हातारा नट खरोखरच प्यायलेला असावा असे वाटले असल्यास नवल नाही.

ही त्यांची अखेरची भूमिका ठरली. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.